अख्खा पिक्चर ट्रेलरमध्येच दाखवून टाकायचा का?

अरे काय चाललंय हे, अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये हिरोची एन्ट्री, मित्राचा मृत्यू, खरा व्हिलन कोण आणि वर क्लायमॅक्सची फाइट पण, मग थिएटरात जाऊन बघायचं काय? टर्मिनेटर २ (१९९१) मध्ये पहिल्या भागात खुनी रोबो झालेला श्वार्झनेगर यावेळी मारायला नाही तर वाचवायला आलाय हे पिक्चर बराच वेळ लपवतो, आणि ट्रेलरने ते आधीच सांगून टाकलेलं. त्यातून काही शिकतील तर शप्पथ! २०१५ च्या टर्मिनेटर जेनिसिसमध्ये मशीनविरुद्ध लढणाऱ्या माणसांचा नेता जॉन कॉनरच मशीन झालाय हा सगळ्यात मोठा ट्विस्ट ट्रेलरमध्ये, पोस्टरवर पण तेच. दिग्दर्शकाने बिचाऱ्याने ते सीन कोणाला काही माहीत नसणार असं धरून शूट केले होते, त्याच्या मेहनतीचं काय? आणि हल्ली तर ट्रेलर सुरू व्हायच्या आधी त्याच ट्रेलरची पाच सेकंदांची झलक, म्हणजे तेवढा पण धीर नाही. मी आता फक्त पहिला टीझर बघतो आणि थांबतो, पण थिएटरात पिक्चरआधी दुसऱ्यांचे ट्रेलर लावतात तेव्हा डोळे मिटता येतात हो, कानांचं काय करू?