खालून चालणाऱ्यांनाही विचारा

गुरुवारी सकाळी अकराला आमच्या इथल्या मंगल कार्यालयात हायवेवरच्या नवीन फ्लायओव्हरबद्दल नागरिकांची मीटिंग होती, रजा टाकून गेलो होतो, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. पोस्ट लांब झालीये पण आमच्या भागातल्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आधी एक स्पष्ट करतो, माझा पुलाला विरोध नाही. २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यातलंच आमचं एक, तेव्हापासून टॉवरवर टॉवर उभे राहिलेत आणि रस्ता मात्र तेवढाच आहे. संध्याकाळी चौकात अ‍ॅम्ब्युलन्स सायरन वाजवत उभी असते, कुणाला बाजूला व्हायला जागाच नसते, ते बघून पोटात कालवतं. पूल पाहिजेच.

पण मीटिंगमध्ये काय झालं ते ऐका. पडद्यावर ड्रॉइंग लावलेलं, सगळी नावं इंग्रजीत, खिडकीतून ऊन येत होतं त्यामुळे अर्ध्या रेषा दिसतच नव्हत्या. पिलर किती, रॅम्प कुठे उतरणार, किती लेन, हे सगळं आलेल्या अधिकारी साहेबांनी व्यवस्थित सांगितलं, माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू. मग मागून एक मावशी उठल्या. त्या हायवेच्या ह्या बाजूला राहतात आणि पलीकडच्या तीन सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जातात, एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना मध्येच वेळ काढून आल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, ह्यात दवाखान्याकडनं शाळेकडं चालत कुठनं जायचं?" साहेबांच्या लेझरचा लाल ठिपका ड्रॉइंगवर इकडून तिकडे फिरला, परत फिरला, आणि मग "ते पुढच्या फेजमध्ये बघू ताई" म्हणून पुढची स्लाइड.

त्या मावशी रोज जिथून ओलांडतात ती जागा मी शुक्रवारी सकाळी मुद्दाम जाऊन बघितली. डिव्हायडरचा एक ब्लॉक फुटलाय, तिथे कुणीतरी पायरीसारखी सिमेंटची जुनी गोणी ठेवलीये, पावसाने भिजून ती दगडासारखी घट्ट झालीये आणि वरचा भाग पाय पडून पडून गुळगुळीत झालाय. एवढे लोक तिथून जातात! पाऊण तास उभा राहून ओलांडणाऱ्यांच्या रेघा मारल्या तर वहीचं पान भरलं, त्यात शाळेची पोरं, काठी घेतलेले आजोबा, कडेवर बाळ घेतलेली बाई. नवीन ड्रॉइंगमध्ये तिथे सलग भिंत आहे. म्हणजे पूल झाल्यावर हे लोक एकतर लांबच्या यू-टर्नपर्यंत चालत जाणार किंवा भिंतीवरून उड्या मारणार, आणि माणसं काय करतात ते आपल्याला पुण्यात चांगलं माहितीये.

चांदणी चौक आठवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री जुना पूल स्फोटकांनी पाडला, अख्खं शहर टीव्हीला चिकटून होतं, १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या पुलाचं उद्घाटन झालं, गाड्या सुटल्या हे खरंच आहे, पण पायी जाणाऱ्याने पलीकडे कसं जायचं हा प्रश्न उद्घाटनानंतर चर्चेला आला, भर हायवेवर पळत जाणारी माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत. विद्यापीठ चौकातले दोन पूल तर २०२० ला पाडावे लागले, मेट्रो आणि दुमजली पुलासाठी, त्यांना वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. काँक्रीट ओतल्यावर चूक दुरुस्त करायला किती पैसे आणि किती वर्षं जातात ते आपण भोगलंय.

आणि कायद्यात तरी आपल्याला कुठे विचारलंय? राष्ट्रीय महामार्ग कायद्यात जमीन घ्यायची नोटीस निघाली की २१ दिवसांत हरकत घेता येते, पण ती ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याला. मावशींची तिथे जमीन नाही, त्या फक्त रोज तिथून जातात. पर्यावरणाची जनसुनावणी असते तिथे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पण ती मोठ्या लांबीच्या हायवेला, चौकातल्या एका पुलाला नाही. बरं नगरसेवकाकडे जावं तर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासकच होते, ह्या काळात गाव वाढलं, रस्ते आखले गेले आणि आमच्या बाजूने सभागृहात बोलायला कुणी नव्हतं. ह्याचा मला मनापासून राग आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अलाइनमेंट, म्हणजे पूल नेमका कुठून जाणार ते, फायनल करायच्या आधी विचारा, नंतर नाही. मीटिंग गुरुवारी अकराला ठेवली तर जागामालक आणि रिटायर्ड लोक येतात, कामावर जाणारा, भाजी विकणारा, रिक्षावाला येऊच शकत नाही, रविवारी किंवा रात्री आठनंतर घ्या. नकाशा मराठीत द्या, त्यावर शाळा, दवाखाना, पीएमपी बसचा स्टॉप, देऊळ दाखवा म्हणजे माणसाला स्वतःचं घर सापडेल. आणि सर्व्हिस रोड, फूटपाथ, पावसाच्या पाण्याची लाइन हे आधी करा, मग पिलरसाठी खोदा, कारण एकदा बॅरिकेड लागले की दोन-तीन वर्षं आम्हाला त्याच चिखलातून पोरं शाळेत सोडायचीत. अंडरपास देणार असाल तर पंप आणि लाइट सकट द्या, अंधारातल्या पाणी साचलेल्या बोळातून कुठलीही बाई रात्री नऊला जाणार नाही, ती वरूनच पळत जाईल.

लेखी सूचना घेऊ असं साहेब शेवटी म्हणालेत, ते मी धरून ठेवलंय. ड्रॉइंगचा फोटो काढला होता, तो मोठा प्रिंट करून आणलाय आणि ठिकाणांची नावं मराठीत लिहिलीयेत. रविवारी सकाळी ८ ते ११ दत्त मंदिराच्या पारावर बसतोय. तुम्ही रोज कुठून ओलांडता तिथे लाल पेनाने खूण करा आणि खाली नाव लिहा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकाच, पण तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमन काकांना तोंडाने सांगा, कारण ते ग्रुपवर नाहीत.