आईचं माहेर कुठलं?

हॅकरांच्या परिषदेला काठमांडूला जायचं ठरलं तेव्हा मक्या म्हणाला, "विमान नको. बॅगेत कुलुपं उघडायच्या सळया आहेत, सोल्डरिंग आयर्न आहे, नसता ताप होईल." खरं म्हणजे विमानाचं भाडं ऐकून त्याला घाम फुटला होता. पण हॅकर माणूस पैशाचं कारण सांगत नाही, सुरक्षेचं सांगतो.

तर इंदूरहून गाडीनं लखनौ, तिथून गोरखपूर, बसनं सोनौली, पायी सरहद्द आणि पुन्हा बस. मक्याच्या आजीनं रामबागेतल्या घरी एवढंच विचारलं, "हॅकर म्हणजे चोरच ना रे? चोरांचंही संमेलन असतं?" असं म्हणत तिनं लसणाची शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, म्हणजे घरचं जीरावन, पिशवीभर बांधून दिलं. (जीरावनाशिवाय इंदूरच्या माणसाच्या घशाखाली पोहे उतरत नाहीत. परदेशात पोहे मिळणार का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.)

मक्याची तयारी निराळी. लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला, पासवर्ड सत्तावीस अक्षरी. गाडीतल्या सॉकेटला मोबाईल लावायचा नाही, वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. "लास वेगासच्या डेफकॉनमध्ये, म्हणजे हॅकरांच्या मोठ्या संमेलनात, बेसावध माणसाचं लॉगिन भिंतीवर झळकवतात," तो म्हणाला, "मेंढरांची भिंत म्हणतात तिला." मेंढरू व्हायला नको म्हणून मी देवास येईपर्यंत मोबाईल खिशातून काढलाच नाही.

देवासला समोरच्या बर्थवर काकू आल्या. काशीला निघालेल्या.

"रामबागेतले का? शाळा कुठली? आईचं माहेर? अगं बाई, देवासचंच! कुठल्या गल्लीत?"

शुजालपूर यायच्या आत काकूंना मक्याची पहिली शाळा, लहानपणच्या कुत्र्याचं नाव, पगार आणि रक्तगट ठाऊक झाला होता. बँकेला विचारायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. मोबदला एक बेसनाचा लाडू. मक्या तो खात मला डोळ्यांनी दटावत होता, कारण मी मोबाईल चार्जिंगला लावला होता.

गोरखपूरचा फलाट १३६६ मीटरचा. २०२३ मध्ये हुबळीनं मान हिसकावेपर्यंत जगात सर्वांत लांब. आम्ही तो चुकीच्या टोकाकडून चाललो, एवढं सांगितलं तरी पुरे.

सोनौलीला भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे मक्याची जरा निराशाच झाली. शिपायानं लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या हाताला लागली ती बिनालेबलची, तपकिरी पुडीची पिशवी.

"ये क्या है?"

"जीरावन."

"कौन सा वन?"

शेवटी मी चिमूटभर जिभेवर टाकून दाखवलं. मग त्यानं टाकलं. मग त्याच्या साहेबानं, मग साहेबाच्या ओळखीच्या कुणीतरी. पिशवी परत मिळाली तेव्हा अर्धी होती.

नेपाळचं घड्याळ आपल्या १५ मिनिटं पुढे. मोबाईल ही वेळ आपली आपण लावून घेतो. पण मक्याचा नेटवर्कवर विश्वास नसल्यामुळे त्यानं ती सोय बंद ठेवलेली. टाइम झोन तसाच ठेवून पठ्ठ्यानं वेळ हातानं पुढे सरकवली. आता लॉगिनसाठी मोबाईलमधलं ॲप देतं ते सहा आकडी कोड घड्याळावरूनच तयार होतात, दर ३० सेकंदांनी बदलतात. याचा मोबाईल पाव तासानंतरचे कोड आत्ताच देऊ लागला. हे कळलं मुगलिंगला, मध्यरात्री, वरणभातासमोर. तोवर चुकीचे कोड टाकून टाकून ईमेलला कुलूप लागलं होतं, आणि परिषदेचं तिकीट ईमेलमध्ये. सळया बॅगेतच होत्या म्हणा. भात गार झाला. मी माझा संपवला, मग त्याचाही.

सकाळी परिषदेच्या दारात टेबलाशी एक मुलगी कागदाची यादी घेऊन बसली होती. तिनं नाव विचारलं, पेन्सिलीनं खूण केली आणि म्हणाली, "जाइए." मक्या जागचा हलेना. "बस? एवढंच?" इतका दुखावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

पहिलंच व्याख्यान माणसाला गोड बोलून माहिती कशी काढावी यावर. वक्त्याला आईच्या माहेराशी पोचायला अर्धा तास लागला. मी मक्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहणं टाळलं. तेवढ्यात त्याचा मोबाईल थरथरला. आई. आम्ही वाकून बाहेर आलो.

"अरे, काशीहून एक बाई बोलत होत्या. भाचीसाठी तुझी पत्रिका मागताहेत."

"त्यांना तुझा नंबर कुणी दिला?"

"कुणी कशाला द्यायला हवा? माझ्या माहेरी फोन केला त्यांनी."