पास्ता थांबत नाही

आमच्या घरात ‘पानं घेतली’ अशी हाक आली, की माणसं अंघोळीला जातात. वरणभाताचं यात काही बिघडत नाही. आमटीला तर उलट मुरायला वेळ मिळतो. पण दर रविवारी स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि लेकीच्या हट्टापायी तो बहुतेकदा व्हाइट सॉस पास्ताच असतो. या पदार्थाला मुरणं ठाऊक नाही.

कृती सोपी आहे. दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा. मंद आचेवर परतायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग अर्धा लिटर दूध थोडंथोडं ओतत रवीने घुसळत राहायचं, नाहीतर गुठळ्या. (रवी ताकाची आहे, हे आईला सांगायचं नाही.) मीठ, मिरपूड, किंचित जायफळ. ते श्रीखंडासाठी घरात असतंच. चमच्याच्या पाठीला सॉस धरला, की गॅस बंद आणि उकडलेले पेने, म्हणजे नळ्यांचा पास्ता, आत. इथून पुढे घड्याळाशी वैर. मैदा आणि पास्ता, दोघांतही स्टार्च. सॉस गार होईल तसा आळत जातो आणि उरलासुरला ओलावा पेने पिऊन टाकतात.

“पानं घेतली!”

“लेव्हल संपली की आले, बाबा.”

“अरे, कॉलवर आहे!” बायकोचा आवाज.

आई देवापाशी वाती वळत होती. आताच का, हे विचारायची सोय नाही.

तोवर कढईत चमचा उभा राहायला लागला. यावर उपाय म्हणजे पास्ता उकडलेलं पाणी. ते मी मुद्दाम वाडगाभर काढून ठेवलं होतं. “ते गढूळ पाणी होय? ओतून टाकलं. ओटा किती घाण करतोस!” म्हणून मग दूध घातलं. फार पातळ झालं. आटवलं. पेने मऊ पडले. सगळी जमली तेव्हा लेक म्हणाली, “चीजी नाही लागत.” आईने बोटाने चाखून विचारलं, “पतंगाची खळ केलीस का रे?” आणि लसणाच्या चटणीची बरणी पुढे ओढली.

खरं तर रोमच्या ज्या आल्फ्रेडो दि लेलिओच्या नावाने जगभर क्रीमचा पास्ता खपतो, त्याच्या फेत्तुचिनीत, म्हणजे पट्ट्यांच्या पास्त्यात, क्रीम नव्हतंच. लोणी, पार्मेझान चीज आणि तेच गढूळ पाणी. हॉलिवूडचे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स त्यावर इतके खूश झाले, की त्यांनी त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. पण हा गृहस्थ पास्ता कालवायचा कुठे? गिऱ्हाइकाच्या टेबलाशी! म्हणजे खाणारा आधीच बसलेला. अशी गिऱ्हाइकं मिळाली तर मीही इतिहासात जाईन.

म्हणून गेल्या रविवारी युक्ती केली. पातेल्यातल्या पाण्याला अजून बुडबुडेही आले नव्हते, तेव्हाच हाक मारून मोकळा झालो. आणि काय सांगू, तिघीही तत्काळ हजर. लेकीने मोबाइल बाहेर ठेवलेला, बायकोने हात धुतलेले. पेन्याच्या पाकिटावर ‘11 मिनिटं’ लिहिलेलं, तीही पाणी उकळल्यावर. कोणी काही बोलेना. तिघी पाळीपाळीने एकदा पातेल्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

शेवटी आई उठली. “नुसतं बसवून काय ठेवतोस? सरक जरा, भात टाकते.”