मागचे लायनर आणि पुढचे सल्लागार

व्हॅनचे मागचे ब्रेक लायनर घरी बदलणं अवघड नाही. अवघड आहे ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलणं. चाक उतरलं रे उतरलं, की "पंक्चर का?" या प्रश्नाने कामाचं उद्घाटन होतं. ब्रेकचं काम आहे म्हटलं, की दुसरा प्रश्न: "पॅड आणलेत का?" काका, पॅड पुढच्या डिस्कला. ओम्नी असो (2019 साली बंद झाली, तरी रस्त्यावर अजून दिसते) की इको, मागे ड्रम आणि त्याच्या आत ब्रेक शू, ज्यांवर लायनर चिकटवलेला असतो. चाकाला दोन, म्हणून चारांचा सेट. चारही एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते.

"गिअरमध्ये टाकलीय ना, मग विटा कशाला?" हा सल्ला मला सगळ्यात जास्त घाबरवतो. ड्रम निघण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो आणि तो मागच्याच चाकांवर चालतो. गिअरची ताकदही या गाड्यांत मागेच जाते. एक मागचं चाक हवेत गेलं, की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग) ते मोकळं फिरतं आणि गिअर कुणालाच धरून ठेवत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण, ॲक्सलखाली जॅक स्टँड. आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे.

मग ड्रम. चार पावसाळे प्यायलेला ड्रम मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखा असतो, ओढून येत नाही. इथे हातोडीवाले सल्लागार पुढे सरसावतात. त्यांना चहाला पाठवावं, कारण बिडाचा ड्रम ठोकून तडकतो. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, ती शोभेची नव्हेत. त्यांत 8 मिमीचे बोल्ट घालून आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं, की स्वारी आपोआप बाहेर येते. तरीही अडली, तर झिजेमुळे आतल्या कडेला आलेला काठ शूला धरून बसलेला असतो. हँडब्रेकची केबल ढिली करावी. आतल्या काळ्या धुळीवर फुंकर मारू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं फडकं बरं.

आता स्प्रिंगा. आधी मोबाइलवर फोटो काढावा, आणि एक बाजू पूर्ण जुळेपर्यंत दुसरी सुटी करू नये. शू धरणारी पिन मागून बोटाने दाबून ठेवायची, पुढून पकडीने स्प्रिंग दाबून पाव फेरा द्यायचा. रिटर्न स्प्रिंग सुटली, की डोळ्यांजवळून जाते आणि नेमकी गावाला गेलेल्या मालकाच्या गाडीखाली लपते. गॉगल घालाच. हँडब्रेकचा लिव्हर मागच्या शूवर असतो, तो नव्यावर चढवायचा.

पॅडल दाबलं की शू बाहेर ढकलतो, त्या व्हील सिलिंडरचं रबर जरा उचलून बघावं. आत ओल असेल तर सिलिंडर बदला, नाहीतर नवे लायनर ब्रेक ऑइलमध्ये भिजून फुकट जातील. आणि गाडीची दारं लॉक करा! ड्रम नसताना सोसायटीतल्या एखाद्या चिमुरड्याने ड्रायव्हर सीटवर बसून पॅडल दाबलं, तर सिलिंडरचा पिस्टन बाहेर.

बॅक प्लेटच्या ज्या उंचवट्यांवर शू घासतो, तिथे हाय-टेम्परेचर ग्रीसचं नुसतं बोट. लायनरला एक ठिपकाही नको. नवे शू जाड असतात, म्हणून ड्रम बसत नाही. "दुकानदाराने भलताच सेट गळ्यात मारला" म्हणत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांकडे धाव घेण्याआधी ॲडजस्टर (शूंमधलं अंतर कमी-जास्त करणारा भाग) पूर्ण मागे घेतलाय का बघा.

सिलिंडर बदलला असेल तर ब्रेकच्या नळीतली हवा काढणं आलं. त्याला दोन माणसं लागतात आणि "दाब! धरून ठेव! आता सोड!" हे दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, त्याला इलाज नाही. ऑइलची बाटली मात्र नवी फोडा. डॉट 4 ऑइल कोरडं असताना कमीत कमी 230 अंशांना उकळतं, हवेतली ओल प्याल्यावर ही हमी 155 वर येते. आणि मुंबईत ओलीला तोटा नाही.

ड्रम चढल्यावर आधी पॅडल बऱ्याचदा दाबून शू ड्रमच्या जवळ आणायचे, हँडब्रेकची केबल त्यानंतर. उलटं केलं तर लायनर घासत राहतात. पहिली चाचणी कंपाउंडमध्येच, आणि सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर कचकचीत ब्रेक नकोत. म्हणजे गणपतीला कोकणात निघायच्या आदल्या रात्री हे काम काढू नये. काढलंच, तर निदान पाटपाण्यासकट सगळं सामान गाडीत भरून झाल्यावर तरी काढू नका, जॅकला ते पेलत नाही.