काडी लावून चामडं ओळखता येत नाही

'अस्सल चामडं आणि खरी कोल्हापुरी ओळखण्याच्या खुणा' या नावाचा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. लग्नसराई आली की जास्तच. त्यातले दावे एकेक करून घेऊ, कारण काही अर्धवट खरे आहेत आणि एकदोन पाळले तर चांगली वस्तू हातची जाते.

'खरं चामडं काडी लावली तरी जळत नाही.'

जळतं. चामडं म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. आच लागली की ते आक्रसतं, काळं पडतं आणि केस जळल्यासारखा वास येतो. रेक्झिन वितळतं, त्याचे गोळे होतात. हा फरक खरा आहे. पण काडी लावतात ती वरच्या, दिसणाऱ्या बाजूला, आणि दुकानातल्या बहुतेक पर्सवर, बुटांवर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा रंगीत पातळ थर असतो. आधी तोच वितळतो आणि अस्सल पर्स 'नकली' ठरते. उलट, चामड्याचा चुरा चिकटवून केलेल्या बाँडेड लेदरलाही केस जळल्याचा वास येतोच. फारच शंका असेल तर कापलेल्या कडेतून दोनचार तंतू चिमट्याने उपटून उघड्यावर जाळा. रेक्झिनमधलं पीव्हीसी हे प्लास्टिक जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती बंद खोलीत नको.

'पाण्याचा थेंब शोषला गेला तर चामडं खरं.'

थेंब शोषला जातो तो वर रंगाचा थर नसेल तर. थर असेल तर उत्तम म्हशीच्या चामड्यावरूनही थेंब ओघळून जाईल. म्हणजे ही चाचणी वरच्या थराची झाली, चामड्याची नव्हे. शिवाय सालीत कमावलेल्या, बिनथराच्या चामड्यावर थेंब वाळताना आतलं टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, कडेला ओढून आणतो आणि कायमचा तपकिरी गोल डाग उरतो.

'"जेन्युइन लेदर"चा शिक्का म्हणजे सर्वांत वरचा दर्जा.'

शिक्का खरा असेल तर माल चामड्याचा आहे, एवढंच त्यातून कळतं. म्हशीचं जाड कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरच्या थरात तंतूंची वीण घट्ट असते, तो टिकतो. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. त्यात तंतू सैल असतात, म्हणून त्यावर प्लास्टिकचा थर देऊन रंध्रांचा ठसा मारतात. तेही चामडंच, पण घडीवर लवकर सोलतं. ठसा सगळीकडे एकसारखा दिसला, मान-पोट-पाठ असा फरक कुठेच दिसला नाही, तर सावध व्हा.

'झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं केमिकलविरहित, क्रोमचं चामडं विषारी.'

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. क्रोमचं चामडं म्हणजे क्रोमियमच्या मिठात कमावलेलं.

कमावण्याआधीच्या पायऱ्या दोन्हीकडे जवळपास सारख्याच आहेत. कातडं सडू नये म्हणून त्याच्या वजनाच्या 40 ते 50 टक्के मीठ चोळतात. मग भिजवून मीठ धुतात. त्यानंतर चुना, आणि आजच्या बहुतेक कारखान्यांत सोबत सोडियम सल्फाइड, म्हणजे केस सुटतात. मग मांसाकडची बाजू खरवडायची आणि चुना उतरवायचा. सांडपाण्यातल्या क्षारांचा मोठा वाटा मिठाचा असतो, पुढे कातडं सालीत जाणार असो की क्रोममध्ये.

फरक यानंतर पडतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावताना आधी हलकं, मग हळूहळू दाट पाणी द्यावं लागतं. पहिल्याच दिवशी दाट पाणी दिलं तर बाहेरचा भाग करकरीत कमावला जातो, रंध्रं बुजतात आणि मध्ये कच्चं राहतं. कापलेल्या कडेला आत फिकट, शिंगासारखी अर्धपारदर्शक रेघ दिसली तर समजा घाई झाली आहे. असा तळ पावसात फुगतो आणि वाळला की तडकतो. नीट कमावायला आठवडे लागतात. क्रोमचं काम एकदोन दिवसांत होतं, म्हणून जगातलं बहुतेक चामडं तसंच बनतं.

आता विषाचं. कमावायला वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियमचं (क्रोमियम-3) मीठ. घातक आहे ते षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम-6). ते चामड्यात नंतर तयार होऊ शकतं: चुकीची असंपृक्त तेलं वापरली, उदासीन करताना अल्क जास्त झालं किंवा माल फार तापला तर. म्हणून युरोपीय संघाने 2015 पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम ठेवली आहे. जुन्या पद्धतीत क्रोमचा बराच भाग चामड्यात न बसता पाण्यात जातो, ही तक्रार रास्तच आहे. पण सालीचं गडद तपकिरी सांडपाणीही नदीत सहज विघटित होत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न शुद्धीकरणाचा आहे.

कोणतं चामडं हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. नखाएवढा तुकडा कागदावर ठेवून कडेने रेघ मारा, तुकडा दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, पुन्हा रेघेवर ठेवा. नीट कमावलेलं क्रोमचं जवळपास तसंच राहतं. सालीचं आक्रसून वळतं. ओलं असताना ते साधारण 70 ते 85 अंशांलाच आक्रसतं. भिजलेली कोल्हापुरी शेगडीजवळ वाळवायची नाही ती म्हणूनच.

'नवी कोल्हापुरी रात्रभर तेलात बुडवून ठेवा.'

असं कृपा करून करू नका. तेल तंतूंत गच्च भरलं की पट्टा सैल पडतो, चपलेचा अंगठा ओघळतो, वादीची (चामड्याच्या बारीक पट्टीची) शिवण ढिली होते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. एका चपलेला पाचसहा थेंब एरंडेल पुरे. तेही पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूने चोळा आणि तासाभराने पुसा. पहिले काही दिवस अर्धा-अर्धा तासच घाला. पाण्यात बुडवणं तर त्याहून वाईट: टॅनिन धुऊन पाय पिवळे होतात आणि तळाचे थर सुटतात. भिजलीच तर पुसून, कडेवर उभी करून सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवा.

तळाला निळसर काळे डाग पडले तर बुरशी समजून घासत बसू नका, आधी खिळा शोधा. हिरड्याचं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचं मीठ) यांची शाई याच गुणावर होत असे. पारंपरिक कोल्हापुरी चामड्याच्या वादीनेच शिवतात, त्यात खिळे नसतात. डागाखाली खिळा सापडला तर दुरुस्ती कुठे झाली तेही कळतं.

'कोल्हापुरात बनते तीच खरी, आणि कर्र वाजते तीच खरी.'

2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल नकली म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं. आवाजाचं म्हणाल तर तो तळाचे कोरडे थर एकमेकांवर घासल्याने येतो आणि हौसेसाठी मुद्दाम काढूनही देतात. चांगल्या चपला मुक्याही असतात. दुकानात कान देण्यापेक्षा तळाची कड बघा: थर सलग चिकटलेले, वादीचे टाके सारख्या अंतरावर, आणि कापात मधोमध फिकट रेघ नको.