‘स्पोर्ट्स कारचं ऑइल घरी बदललं की इंजिन गेलं’ : हे खरं नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांमधून आला. मथळा असा: ‘स्पोर्ट्स कारवाल्यांनो, ऑइल घरी बदलाल तर इंजिन गमवाल.’ खाली सहा मुद्दे. वॉरंटी रद्द होते. नागपूरच्या ५६ अंशांत कंपनीचं पातळ ऑइल जळून जातं, म्हणून २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल टाका. ऑइल काळं दिसलं की खराब झालं, दर ३००० किलोमीटरला बदला. सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेल्या ऑइलमुळे सील गळतात. लिफ्ट आणि कंप्युटर असल्याशिवाय हे काम होतच नाही. आणि शेवटी सल्ला, की जळकं ऑइल नालीत टाका, डास मरतात.

वाचून सोडून दिलं असतं. पण आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाने यावर विश्वास ठेवून आपल्या टर्बो गाडीत २०डब्ल्यू-५० भरून घेतलं. थंडी पडली तशी सकाळी गाडी सुरू केली की पहिले काही सेकंद इंजिनाच्या वरच्या भागातून खडखड यायला लागली. त्याने पै-पै साठवून ती गाडी घेतली आहे. मी स्वतः सहा वर्षांपासून एका जुन्या बीएमडब्ल्यू झेड४ चं ऑइल प्रतापनगरच्या घरी, पार्किंगमध्येच बदलतो. तीन लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन आहे. खाली आकडे देतो ते त्या गाडीचे. तुमच्या गाडीचे तिच्या हँडबुकात पाहा.

आधी उन्हाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं आहे.

५६ अंश हा आकडाच चुकीचा. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर तो नोंदला गेला होता, आणि सेन्सर बिघडल्याने तसं झालं हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ अंश, २३ मे २०१३ चा. नवतपात दुपारी रस्त्यावर निघणाऱ्या आपल्यासारख्यांना तोही असह्यच आहे. इंजिनातल्या ऑइलच्या दृष्टीने मात्र ४८ अंश म्हणजे थंडीच. गरम झालेल्या पेट्रोल इंजिनात ऑइल साधारण ९० ते १२० अंशांवर काम करत असतं. बाहेर १५ अंश वाढले म्हणून आतलं ऑइल तेवढंच तापत नाही. थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर त्यासाठीच असतात.

डब्यावरचे दोन आकडे काय सांगतात तेही समजून घ्या. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती घट्ट राहतं ते सांगतो. ०डब्ल्यू-४० मधलं शून्य पाहून लोकांना वाटतं, हे पाण्यासारखं असणार. पण १०० अंशांना ०डब्ल्यू-४० असो की १५डब्ल्यू-४०, दोघांनाही १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) या एकाच पट्ट्यात बसावं लागतं. तेच ०डब्ल्यू-४० जर ४० अंशांना मोजलं, तर ७० ते ८० सेंटिस्टोक भरतं. म्हणजे मे महिन्यात घरासमोर उभ्या असलेल्या गाडीतलं हे ‘पातळ’ ऑइल, इंजिन तापल्यावर असतं त्याच्या पाचपटीहून घट्ट असतं. आणि २०डब्ल्यू-५० त्याच्याही दुप्पट. डिसेंबरात सकाळी पारा १० अंशांवर आला की हा फरक आणखी वाढतो. टर्बोच्या बेअरिंगला पहिल्या सेकंदापासून ऑइल लागतं, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर, बारीक वाटांमधून चालते. त्या मुलाच्या गाडीतली खडखड मला त्यामुळेच वाटली.

म्हणून ऑइल निवडताना डब्यावर तुमच्या गाडीच्या कंपनीची मान्यता आहे का ते आधी पाहा. माझ्या गाडीला ‘लाँगलाइफ-०१’ लागते, पोर्शच्या बऱ्याच गाड्यांना ‘ए४०’, फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ‘५०२ ००’. या मान्यता मिळवताना १५० अंशांना, बेअरिंगमध्ये होते तशा रगड्याखाली ऑइलचा थर टिकतो का हेही तपासलेलं असतं. आपल्या उन्हाची काळजी तिथे आधीच घेतलेली आहे. हँडबुकात एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील तर त्यातली घट्ट ग्रेड निवडा, त्यात काही चूक नाही. पण हँडबुकाच्या बाहेर जाऊ नका.

काळ्या रंगाचं म्हणाल, तर ऑइलमध्ये काजळी आणि घाण धरून ठेवणारी रसायनं घातलेली असतात, आणि त्यांचं कामच ती घाण पकडून ऑइलमध्ये तरंगती ठेवणं. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत तर हजार-दीड हजार किलोमीटरमध्येच रंग गडद होतो. काळं झालं म्हणजे ते काम करतं आहे. चिंता करायची ती ऑइल दुधाळ चहासारखं झालं तर, कारण मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळत असण्याची शक्यता असते. त्यात चमकते कण दिसले तर. किंवा पेट्रोलचा उग्र वास आला तर. हे मी दर वेळी काढलेलं ऑइल उन्हात धरून पाहतो. स्वतः काम करण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, कारण गॅरेजात ते ऑइल आपल्याला कोणी दाखवत नाही.

३००० किलोमीटरचा आकडा जुन्या खनिज तेलांच्या काळातला आहे. आपल्याकडे या गाड्या तशाही वर्षाला फार धावत नाहीत. धरमपेठेतून सीताबर्डी, तिथून परत, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. अशा फेऱ्यांत ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचत राहतं. समृद्धी महामार्गावर सलग दोन-तीन तास चालवलेली गाडी त्या मानाने ऑइलला सोपी. म्हणून मी किलोमीटर कितीही झालेले असोत, वर्षातून एकदा बदलतोच, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

सिंथेटिकचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमध्ये १९९२ पासून आणि पोर्शच्या गाड्यांत १९९६ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून येतं. जुन्या गाडीचं सील आधीच कडक होऊन चिरलं असेल, तर नवं स्वच्छ ऑइल त्या चिरेतून बाहेर येतं एवढंच. ते सील तसंही बदलायलाच हवं होतं.

आता लिफ्ट आणि कंप्युटर. यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं जिवाशी संबंधित आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, हातसुद्धा घालू नका. चार जॅक स्टँड, ज्यांना गॅरेजात घोडी म्हणतात, चांगल्या वजनक्षमतेचे घ्या. जमीन सिमेंटची आणि सपाट हवी. आपल्याकडे मे महिन्यात डांबर मऊ पडतं आणि घोडी रुतते, तेव्हा डांबरावर हे काम करूच नका. स्पोर्ट्स कार जमिनीला इतकी टेकलेली असते की साधा जॅक खाली शिरत नाही. आधी चाकं फळ्यांवर चढवून घ्यावी लागतात, किंवा बुटका जॅक आणावा लागतो. हे सगळं जमवता येत नसेल, तर खुशाल गॅरेजात जा. त्यात कमीपणा नाही.

पण ते जमलं तर बाकीचं काम अवघड नाही. इंजिन थोडं चालवून ऑइल कोमट करायचं, उकळतं नाही. माझ्या गाडीत फिल्टर वरच, बॉनेटखाली आहे. त्याचं झाकण आधी सैल केलं की त्यातलं ऑइल खाली उतरतं. मग चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचा, नट काढायचा, खाली मोठं घमेलं, आणि पंधरा-वीस मिनिटं निवांत थांबायचं. नवा फिल्टर, त्याची नवी रबरी रिंग ऑइल लावून, नटाला नवं वायसर. पुस्तकात साडेसहा लिटर लिहिलं आहे, पण मी आधी सहाच ओततो.

कंप्युटरची भीती इथेच येते, कारण या गाडीला डिपस्टिकच, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टीच, नाही. पोर्शच्याही कित्येक गाड्यांना नाही. पण पातळी गाडी स्वतः दाखवते. सपाट जागी इंजिन पूर्ण तापवून मेनूमधून मोजायला सांगा, थोडा वेळ द्या, मग लागेल तसं थोडं थोडं भरा. भराभर ओतून पातळी वर गेली तर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाने बेअरिंगचं रक्षण होत नाही. सर्व्हिसचा दिवासुद्धा माझ्या गाडीत मेनूमधूनच रीसेट होतो.

लिफ्ट असली की काम नीट होतंच, असंही नाही. ही गाडी घेतली त्या वर्षी मी ती एका मोठ्या, लिफ्ट असलेल्या गॅरेजात दिली होती. चेंबर ॲल्युमिनियमचा, आणि नटाला लागतो फक्त २५ न्यूटन-मीटर जोर, मनगटाने लावावा इतकाच. तिथे लांब दांड्याचा पाना लावून तो करकचून आवळला गेला. पुढच्या वेळी मी नट काढला तर आटेच त्याच्यासोबत बाहेर आले. नवे आटे बसवून घेण्यात चार दिवस आणि बरेच पैसे गेले. तेव्हापासून टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ करणारा पाना, माझ्या पेटीत पहिल्या खणात असतो. पोर्शच्या काही इंजिनांना याच नटाला ५० न्यूटन-मीटर लागतात, तेव्हा दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

वॉरंटीबाबत मेसेजशी मी अर्धा सहमत आहे. गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिसलाच द्या. पुढे दावा करायची वेळ आली तर बिलांची फाइल लागते, आणि माझा त्यात वेगळा सल्ला नाही. पण ‘रद्द होतेच’ हे विधान चूक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना दंड केला, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी नाकारता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं म्हटलं. त्यावर अपिलं झाली. वॉरंटी संपलेल्या गाडीला हा मुद्दा लागूच नाही, आणि नागपुरात घरी ऑइल बदलणारे बहुतेक जण अशाच गाड्यांचे मालक आहेत. तरीही ऑइल आणि फिल्टरची बिलं, तारीख आणि किलोमीटर वहीत ठेवा. ऑइल सीलबंद डब्यात, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. बनावट ऑइलचा धोका घरच्या कामापेक्षा कितीतरी मोठा आहे.

राहिली नाली. या ओळीने मला सगळ्यात जास्त राग आला. नालीतलं पाणी नाग नदीत जातं, नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसेखुर्दच्या जलाशयात साठतं. त्यावर शेती आहे, मासेमारी आहे, लोकांच्या विहिरी आहेत. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनातले धातू आणि ज्वलनाचा गाळ असतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. तेच ऑइल पुन्हा शुद्ध करून वापरता येतं, म्हणून त्यात पाणी, कूलंट किंवा रॉकेल मिसळू नका. मी ते नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यांत भरतो, फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळतो, आणि दोन्ही अशा वर्कशॉपला देतो जिथून अधिकृत उचल होते. ते आनंदाने घेतात.

सोसायटीतल्या त्या मुलाच्या गाडीतलं २०डब्ल्यू-५० आम्ही दोघांनी परवाच्या रविवारी काढलं. त्याच्या हँडबुकात ५०२ ०० लिहिलं होतं, ते भरलं. नट त्याने स्वतःच्या हाताने, टॉर्क पान्याचा ‘टक्’ ऐकू येईपर्यंत लावला. काढलेलं ऑइल त्याच डब्यात बंद करून ठेवलं आहे. या शनिवारी माझ्या डब्यांसोबत तेही वर्कशॉपला जाईल.