'त्या काळी सगळेच तसे होते' हे खरं नाही

अमेरिकेच्या संस्थापकांचं कौतुक चाललेलं असताना कुणी त्यांच्या गुलामांचा विषय काढला, की एक उत्तर हमखास येतं. "अहो, त्या काळी सगळेच तसे होते. आजचे निकष त्यांना लावू नका." ऐकायला समंजस वाटतं, म्हणून बोलणं तिथेच थांबतं. मला हे उत्तर मान्य नाही, आणि त्याला कारण आहे रॉबर्ट कार्टर.

हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. अमेरिकेतही फारसं कुणी ऐकलेलं नाही. कार्टरचा जन्म १७२८ चा, व्हर्जिनियातला. त्याच्या आजोबांना लोक 'किंग' कार्टर म्हणत, इतकी त्यांची जमीन आणि इतका दरारा. नातवाकडे हजारो एकर जमीन, तंबाखू-गव्हाचे डझनावारी मळे आणि शेकडो गुलाम वारशाने आले. त्याचा वाडा, नॉमिनी हॉल, वेस्टमोरलँड परगण्यात होता. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म याच परगण्यातला, आणि ली घराण्याचा वाडाही इथलाच. विल्यम्सबर्गला कार्टरचं घर गव्हर्नरच्या निवासाला लागून होतं आणि गव्हर्नरच्या कौन्सिलवर तो अनेक वर्षं होता. म्हणजे तो कुणी कोपऱ्यात बसलेला विरक्त साधू नव्हता. वॉशिंग्टन आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन ज्या वर्गातून आले, त्याच वर्गाच्या अगदी वरच्या थरातला हा माणूस.

१७७० च्या दशकाच्या अखेरीला तो बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथात गेला. तेव्हा व्हर्जिनियातल्या बड्या घरांत बाप्टिस्टांना हलकं समजत. त्यांच्या प्रार्थनेला गरीब गोरे आणि काळे गुलाम एकत्र जमत, आणि त्यांच्यात हा जहागीरदार जाऊन बसायचा. १७८२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मालकाला स्वतःच्या इच्छेने गुलाम मुक्त करता येतील. हा कायदा वॉशिंग्टनलाही लागू होता, जेफरसनलाही आणि कार्टरलाही. १७९१ मध्ये कार्टरने कोर्टात एक दस्त दाखल केला. त्यात साडेचारशेहून अधिक माणसांची नावं, वयं आणि ती कुठल्या मळ्यावर राहतात हे लिहिलेलं होतं. दरवर्षी ठरावीक संख्येने त्यांना मुक्त करायचं आणि लहान मुलं वयात आली की आपोआप मुक्त, अशी रचना होती. यादवी युद्धापूर्वीच्या अमेरिकेत एका मालकाने केलेली ही सर्वांत मोठी मुक्ती मानली जाते.

हे करताना त्याला काय सोसावं लागलं, तेही सांगायला हवं. शेजारी मळेवाले चिडले, कारण मुक्त झालेल्या काळ्या माणसांना कार्टर जमिनी खंडाने देऊ लागला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचेच गुलाम विचारू लागले असते, आम्ही का नाही? घरच्यांना हातची मालमत्ता जाताना दिसत होती. कार्टर १७९३ मध्ये व्हर्जिनिया सोडून बाल्टिमोरला गेला तो परतलाच नाही, पण मागे माणूस नेमून त्याने मुक्तीचं काम चालू ठेवलं. तो १८०४ मध्ये वारला.

आता 'त्या काळी' या शब्दांकडे पुन्हा पाहा. काळ तोच, प्रांत तोच, कायदा तोच, संपत्ती बहुतेकांपेक्षा जास्त. मग बाकीच्यांना काय अडत होतं?

कळत नव्हतं, असं तर म्हणताच येत नाही. 'मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या' या १७७५ च्या भाषणासाठी प्रसिद्ध असलेल्या पॅट्रिक हेन्रीने त्याच्या दोनच वर्षं आधी रॉबर्ट प्लेझंट्स या क्वेकर (गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) गृहस्थाला पत्र लिहिलं होतं. त्यात तो स्वच्छ कबूल करतो की गुलामांशिवाय इथे राहणं गैरसोयीचं आहे म्हणून मी त्यात ओढला जातो, पण याचं समर्थन मी करणार नाही, मला करता येणारच नाही. गैरसोय! हा शब्द त्याने स्वतः वापरला आहे. त्याच प्लेझंट्सने पुढे स्वतःचे गुलाम सोडले.

जेफरसनबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण त्याची लेखणी मला मनापासून आवडते. १८१४ मध्ये एडवर्ड कोल्स या व्हर्जिनियाच्याच तरुणाने त्याला पत्र लिहून विनंती केली की गुलामगिरी संपवण्याच्या कामाचं नेतृत्व तुम्ही करा. जेफरसनने उत्तर दिलं की हे काम तरुणांचं आहे, माझं वय झालं. वर कोल्सला सल्ला दिला की तू गुलामांना सोडून जाऊ नकोस. कोल्सने तो ऐकला नाही. १८१९ मध्ये आपल्या गुलामांना घेऊन तो इलिनॉयकडे निघाला, वाटेत ओहायो नदीवर त्यांना मुक्त केलं आणि कुटुंबांना जमिनी दिल्या. पुढे तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला आणि तिथे गुलामगिरी आणू पाहणाऱ्यांशी १८२४ पर्यंत झुंजला. जेफरसन १८२६ मध्ये कर्जात बुडून मेला. पुढच्याच जानेवारीत माँटिसेलो या त्याच्या मळ्यावर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला.

वॉशिंग्टनचं श्रेय नाकारायचं नाही. मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीचे १२३ गुलाम मुक्त करण्याची तरतूद केली, संस्थापकांपैकी फार थोड्यांनी तेवढं केलं. पण राष्ट्राध्यक्ष असताना पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, त्याने काय केलं, तेही त्याच खात्यात मांडावं लागेल. पेनसिल्व्हेनियात सहा महिने सलग राहिलेल्या गुलामाला मुक्ती मागता येई, म्हणून मुदत भरण्याआधी तो आपल्या गुलामांना प्रांताबाहेर फिरवून आणायचा.

आपल्याकडेही हेच उत्तर चालतं. जातिभेद, मुलींचं शिक्षण, विधवांचे हाल यांचा विषय निघाला की 'काळच तसा होता'. पण जोतीराव आणि सावित्रीबाई त्याच काळात, त्याच पुण्यात राहत होते ना? १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. अमेरिकेच्या इतिहासात नेमकं कुणाकडे पाहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि 'सगळेच' म्हणताना आपण कुणाला मोजतो? गुलामही त्याच काळात जगत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये बेट नावाच्या गुलाम स्त्रीच्या कानावर आलं की राज्याच्या नव्या घटनेत सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं लिहिलंय. तिने वकील गाठला, १७८१ मध्ये मालकावर खटला भरला आणि जिंकला. नंतर तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. ओना जज ही मार्था वॉशिंग्टनची दासी १७९६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घरातून पळाली आणि न्यू हॅम्पशरला पोहोचली. आपल्याला मुक्ती मिळेल असं वचन दिलं तर परत येते, असा निरोप तिने पाठवला. वॉशिंग्टनने असल्या अटींवर बोलायलाच नकार दिला. ती परतली नाही. कायद्याने शेवटपर्यंत ती पळालेली गुलामच राहिली आणि १८४८ मध्ये न्यू हॅम्पशरमध्येच वारली.